दोन काचांमधलं तेल

दि. ४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

घरातली पहिली पदवीधर नोकरीत रुळली, हे बाबांना सांगा. म्हणजे ते पोस्टमनला छळायचे थांबतील. संग्रहालयात मी जुन्या फिल्म पुसून, तपासून त्यांची नोंद करते. सध्या एका सायकेडेलिक रॉक बँडचं अगदी सुरुवातीचं चित्रण हाती आहे. केस वाढवलेली पोरं डोळे मिटून वाजवताहेत, पण सगळं मुकं. आवाज वेगळ्या टेपांवर आहे आणि कुठलं गाणं कुठल्या चित्राचं, कुणालाच ठाऊक नाही.

कोपऱ्यात प्रोजेक्टरवर वाकलेला एक काटकुळा मुलगा दिसतो. कान थेट तुमचे. मला हसूच आलं.

शेवटची चार मिनिटं मात्र बुरशीने खाल्लीत. नुसते लाल-निळे डाग. बाकीच्या फिल्मला लागण नको म्हणून वीस तारखेला तो तुकडा कापून नष्ट करतील. तशी नोंद मीच केली. नोकरीतली माझी पहिली सही.

पथ्य पाळा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची खारूताई

दि. ९ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

कान माझेच. घड्याळं दुरुस्त करायला बसण्याआधी दोन वर्षं मी त्या बँडचा उजेडवाला होतो. तुझ्या आजोबांना सांगायचो, शिकवणीला जातो. भिंतीवरच्या घड्याळांच्या दोन काचा, मध्ये तेल आणि रंगीत पाणी, खाली प्रोजेक्टरचा दिवा. ड्रमच्या ठोक्याला वरची काच अंगठ्याने दाबायची, की पडद्यावर रंग हलायचे. तुझे बाबा अजून विचारतात ना, बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाची काच कुठे गेली? ती तिथे गेली.

तुझी बुरशी म्हणजे मी आहे, बाळा. ते शेवटचं, चौथं गाणं; तेव्हा कॅमेरा नुसता माझ्या पडद्यावर होता. मध्यावर काच निसटली, पडदा पांढरा पडला आणि ड्रमवाला हसत सुटला. टेप लावून बघ. चूक कबूल करायला पदवी आड येत नाही.

घाईत जेवण टाळू नकोस.

तुझा काका

दि. १४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि उठले. शिकलेल्या माणसाने खोटी नोंद मागे ठेवू नये, म्हणून तशीच संग्रहालयाच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, कुणाच्या काकांच्या सांगण्यावरून इथे नोंदी बदलत नाहीत. मग चौथ्या गाण्याची टेप आणि तो तुकडा मी एकदम लावला. पहिल्या ठोक्याला लाल डाग फुलला. दुसऱ्याला पुन्हा. मध्यावर पडदा पांढरा झाला आणि टेपवर कुणीतरी खदखदून हसलं. बाईही हसल्या. म्हणाल्या, पोरी, बुरशीला ताल नसतो.

तुकडा वाचला, काका. माझी सही मी स्वतःच खोडली. इतकं सुंदर दिसायचं ते, आणि तुम्ही कधी बोलला कसे नाहीत?

उत्तराची वाट पाहणारी,
तुमची खारूताई

दि. १८ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

बोलणार काय? माझी नजर कायम काचेवर. मान वर केली की ठोका चुकायचा. पडद्यावर काय उमटतं ते मी कधी पाहिलंच नाही. एकदाच राहवलं नाही म्हणून वर बघितलं, आणि तेव्हाच काच निसटली.

शनिवारी दुकान बंद ठेवून येतो. तुझे बाबाही येताहेत. म्हणतात, माझ्या काचेचं काय झालं ते डोळ्यांनी बघतो. पुढच्या दोन खुर्च्या अडवून ठेव.

भेटीअंती बाकीचं.

तुझा उजेडवाला काका