हायाशीसान वेंगुर्ल्याला

योकोहामा, ९ डिसेंबर १९९६

ती. आईस,
योकोहामाहून ज्ञानदाचा नमस्कार. मी मजेत आहे, थंडीचीही सवय झाली. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमचा उपग्रह वरून समुद्राचा रंग बघतो. पाणी हिरवट दिसलं की समजायचं, तिथे माशांचं खाद्य भरपूर. पण मधली हवा रंगाला फसवते, म्हणून त्याच वेळी कुणालातरी बोटीतून जाऊन पाणी तपासावं लागतं. त्यासाठी वेंगुर्ल्याचं नाव मीच सुचवलं. आणि चाललंय कोण? माझ्या शेजारच्या टेबलावरचे हायाशीसान! मी इथेच, चित्रं बघत. दोन वर्षांत मी घर पाहिलं नाही आणि हे जानेवारीत आपल्या बंदरावर उतरणार. नुसता जळफळाट होतोय माझा.

वर मीच तोंडभरून म्हटलं, "आईकडे जेवायला जा हं!" ते लगेच कमरेत वाकून हो म्हणाले. माणूस भला आहे, त्यामुळे धड रागावताही येत नाही.

त्यांना बांगड्याचं तिखलं कर, सोलकढी दे, आग्रह कर. फक्त माझं नाव घातलेलं ताट त्यांच्यापुढे मांडू नकोस. हवं तर बाबांचं दे.

तुझीच,
ज्ञानदा