विहिरीची वाट आणि जुनी डिस्क

३ फेब्रुवारी, मंगळवार
डिस्कने दगा दिला. आधी कटकट, मग फोल्डर उघडायलाच तयार नाही. व्हिडिओ स्टुडिओ बंद केला, तरी आमच्या उमेळे गावातली मी शूट केलेली सगळी लग्नं हिच्यावरच. दुसरी कॉपी नाही. चूक माझीच.
आणि नेमकी आत्ता. विहिरीच्या वाटेवर प्लॉटवाल्याने गेट लावून कुलूप घातलंय. म्हणतो, इथून कधी कुणी गेलंच नाही. अहो, गावात लग्न असलं की वाजतगाजत पाणी आणायला तिथूनच जायचे, आणि कॅमेरा घेऊन मी मागे. सव्वीसला तहसीलमध्ये सुनावणी. वाट खुली करायच्या अर्जावर पहिली सही माझी.

५ फेब्रु., गुरु.
गोखिवऱ्याला गेले, डिस्क रिपेअरवाल्या संतोषकडे. कानाला लावून ऐकली. "ताई, हिची आशा सोडा."
म्हटलं, नवी घेते, पण हिच्यातलं काढून.
"मग उघडून उघडून बघू नका. प्रत्येक वेळी थोडी मरते."
रीत सांगितली. फाइली उघडायच्या नाहीत. पटकन वाचता येतं ते सगळं आधी नव्या डिस्कवर. अडेल ती जागा सोडून पुढे. अडलेल्या जागी शेवटी परत. प्रोग्राम पेनड्राइव्हवर दिला. निघताना म्हणाला, "तुम्हाला जमेल असं वाटत नाही."
बघू.

७ फेब्रु., शनि.
बाहेरचा डबा काढला, डिस्क थेट केबलने जोडली. वर टेबल फॅन. सुरुवात बरी, मग टक्क्यांचा आकडा हलेना. गरम झाली की बंद, तासाभराने परत. कुठे थांबलं ते प्रोग्रामच्या लक्षात राहतं, एवढं बरं.
शेजारचे बस्त्याव काका येऊन बसले. अर्जावर दुसरी सही त्यांची. "बर्फात ठेव गो. मासा टिकते, ही नाय टिकनार?" आत पानी धरेल म्हटलं, तेव्हा बर्फाचा नाद सोडला. मीही त्यांच्यासारखंच पानी म्हणायला लागले.

८ फेब्रु., रवि.
चर्चमधल्या मिस्सानंतर दादा घरी आला. विहिरीशेजारचा तुकडा त्यानेच प्लॉटवाल्याला विकलाय.
"सोड ना सिल्वी. नळाला येतं पाणी. उद्या त्याच्याच शेजारी राहायचंय आपल्याला."
"त्यालाही आपल्या शेजारी राहायचंय."
दादा हसला नाही.

११ फेब्रु.
बासष्ट टक्क्यांवर अडकली. तीन दिवस बासष्ट. संतोषला फोन. तो: "सांगितलं होतं." मी: "पुढे काय करायचं ते सांगा." म्हणाला, शेवटाकडून उलटी वाचायला लावा.
लावली. हलली!

१४ फेब्रु., शनि.
सत्त्याण्णव. बाकीचं गेलं, जाऊ दे. कुणाचा केक गेला, कुणाची भाषणं.
नव्या डिस्कवरून पहिलं उघडलं ते दादाचं लग्न. मधेमधे चित्र अडकतं, हिरवे चौकोन येतात. पण वाट स्पष्ट. गेट नाही, काही नाही. पुढे बँड, मग आई डोक्यावर घडा घेऊन, आणि दादा तिच्या घड्याला हात लावून चालतोय.
दोनदा बघितलं. मग आधी आणखी दोन कॉप्या केल्या.

१६ फेब्रु., सोम.
दादाला सांगितलं.
"माझं लग्न कचेरीत दाखवणार तू?"
"दाखवणार. म्हणून आधी तुला सांगतेय."
चहा न पिता गेला.

२० फेब्रु.
संतोष म्हणतो, आता तरी जुनी फेका. नाही फेकणार. डिस्कचे पहिल्यापासून दोन भाग. पहिल्यात मूळ लग्नं, त्याला हात लावला नाही. दुसऱ्यात नुसती बँडची गाणी होती. ती पुसून पूर्ण तपासला, एकही जागा खराब नाही. तिथे वाचलेली लग्नं टाकली आणि डिस्क काकांच्या टीव्हीला लावली.
"कधीही जाईल हां ताई."
"जाईल तेव्हा जाईल. एकुलतं एक काही नाही आता हिच्यावर."

२२ फेब्रु., रवि.
काकांचं घर भरलं. "ती मी, हिरव्या लुगड्यातली." "हा आमचा बावटिस, बघ कसा नाचते." पाच बायका म्हणाल्या, आम्ही येतो कचेरीत. न विचारता.

२६ फेब्रु., गुरु.
सुनावणी. त्या पाचजणी आल्या होत्या. लॅपटॉपवर दादाचं लग्न दाखवलं. तहसीलदार साहेबांनी शांतपणे बघितलं. प्लॉटवाल्याच्या वकिलाने विचारलं, मूळ डिस्क कुठाय? टेबलावर ठेवली.
"ही तर खराब आहे म्हणे."
"खराब आहे. खोटी नाही."
साहेबांनी तिचा नंबर लिहून घेतला, परत दिली.
दादा आला होता, मागे उभा. साहेबांनी विचारलं, घड्याला हात लावलेले हे तुम्हीच का? म्हणाला, "मीच." वाट तीच का? खाली बघून म्हणाला, "विचार करून सांगतो."
वकिलाने मुदत मागितली. बारा मार्चला दादाचा जबाब.
बाहेर भेटला. मी म्हटलं, विचार कर, पण आईकडे बघून कर. स्कूटर चालू करून गेला. काय सांगेल, खरंच माहीत नाही.
उद्या सकाळी आम्ही सहाजणी घडे घेऊन गेटपाशी जाणार. कुलूप असेलच. मग कुलपासमोर उभ्या राहू.