पंचवीसच्या आत

सोम. ३ नोव्हें.
गाडी गेली. कान्हे फाट्यावर, सव्वासहाला. लोकल सहा चाळीसची. तीन इलेक्ट्रिक दुचाक्या आधीच बाजूला लावलेल्या, माझी चौथी. आरटीओचे साहेब तरुण होते, अरेरावी नव्हती. त्यांच्या माणसाने गाडी पुढे पळवून मशीनवर वेग बघितला. बेचाळीस.
"लायसन?"
"हिला लागत नाही ना. पंचवीसच्या आतली आहे."
"बेचाळीस आलाय ताई. पंचवीसच्या आत असती तर कायद्याने सायकलच. आता मोटार झाली. पासिंग पाहिजे, विमा पाहिजे, लायसन पाहिजे."
दोन वर्षं सायकल चालवत होते, सव्वासहाला तिची मोटार झाली. गाडी ठेवून घेतली, हातात एक कागद दिला. लोकल गेली. खंडाळ्याला हॉटेलात पोचेपर्यंत नऊ. सुपरवायझर मॅडमनी माझ्या नावापुढे नुसती लाल पेनने वेळ लिहिली. मग दिवसभर लिनन रूममध्ये चादरींच्या घड्या.

मंगळ. ४
जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. पहिली एसटी साडेसातची, माझ्या काही कामाची नाही. अंधारात आमच्या वाडीतून खिंड ओलांडून खालच्या गावापर्यंत चालत, तिथून दुधाच्या टेम्पोत किटल्यांमध्ये बसून फाटा. साडीला दुधाचा वास. संध्याकाळी येताना लेकीला, तनूला, शाळेतून मागे बसवून आणायचे, आता ती पोर तासभर एसटीची वाट बघत बसते.
काल रात्री हे म्हणाले, "लायसनच काढून टाक की एकदाचं." लायसनचं बोलणं आमच्या घरात फिटपाशी येऊन थांबतं.
पहिली फिट एकोणिसाव्या वर्षी. शेवटची आठ वर्षांपूर्वी, भाताच्या खाचरात, तनू बांधावर बसलेली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी, आणि काही नाही. तळेगावच्या डॉक्टरांना गाडीचं विचारलं होतं. म्हणाले, शक्यतो नकोच, आणि चालवलीच तर हळू. म्हणून तर ही गाडी. लायसन नाही, फॉर्म नाही, कुणी काही विचारत नाही. ट्रॅक्टरसुद्धा मागे टाकून जायचे. मला बरंच वाटायचं.

बुध. ५
सुटल्यावर कामशेतला उतरले. मिस्त्रीला जाब विचारायला गेले, तोंडघशी पडून आले.
"तुमीच म्हनला ना ताई, काढा म्हनून."
आठवलं. उन्हाळ्यात हँडलचं लॉक अडकत होतं म्हणून गाडी टाकली होती. तो आतून ओरडला, "ताई, लॉक काढू का?" मी म्हटलं, काढा बाबा एकदाचं. तो म्हणत होता ते वेगाचं लॉक. कंपनीने गाडी पंचवीसच्या वर जाऊ नये म्हणून घातलेलं. अर्ध्या मावळाने त्याच्याकडून ते काढून घेतलंय, त्यामुळे त्याला वेगळं काही वाटलंच नाही.
"आणि हँडलचं?"
"ते कुटं काय सांगितलं तुमी?"
खरंच. ते अजून अडकतं.
आता इथे कुणी बघत नाही म्हणून लिहिते. गाडी खिंड भराभर चढायला लागली तेव्हा कळलं होतं. नाव माहीत नव्हतं, पण काहीतरी काढलंय हे कळलं होतं. विचारलं नाही. लोकल मिळत होती.

शनि. ८
सुट्टी. खळ्यावर झोडणी. आबांना (सासरे) सगळी हकिगत सांगितली. ते पेंढी खाली ठेवून हसायला लागले.
"आमच्या वक्ताला सायकलीला बिल्ला लागायचा. पितळंचा. लोनावळ्यात नाक्यावर नगरपालिकेचा मानूस उबा."
"मग?"
"मग काय. नाका आला की उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं. बसला न्हाई तर बिल्ला न्हाई. मानूस बी हसायचा, आमी बी हसायचो."
हसता हसता त्यांना खोकला लागला. पाणी दिलं. म्हणाले, "तवा कायद्याला बी दम हुता, मानसाला बी."
मला हसू आलं नाही. आबांनी ते बघितलं आणि पेंढी उचलली.

मंगळ. ११
अर्धा दिवस रजा. आरटीओत जाऊन दंड भरला. मिस्त्री स्वतःहून बरोबर आला, अपराधी चेहऱ्याने. तिथेच अंगणात सीट उघडून वेगाच्या लॉकची वायर जोडली. मशीनवर चोवीस. पुन्हा सायकल झाली.
खिडकीतले गृहस्थ चांगले होते. मी विचारलं, हिचंच पासिंग करून घेता येईल का. "नाही हो, या मॉडेलचं होणारच नाही. पासिंगवाली घ्या दुसरी. आता इलेक्ट्रिकला टॅक्स माफ आहे, फायदा घ्या."
टॅक्स माफ. म्हणजे टॅक्स माफ करून घेण्याच्या लायकीची गाडी आधी पाहिजे. आणि ती चालवण्याच्या लायकीची बाई.
मिस्त्रीने चहा पाजला.

गुरु. १३
सकाळी खिंडीत अर्ध्यावर गाडीने मान टाकली, बॅटरीही आता दोन वर्षांची झाली. उतरले, ढकलली. आबा म्हणाले तसंच, हातात धरून. फक्त वर नाक्यावर हसायला माणूस नव्हता. स्टेशनात शिरले तेव्हा लोकलचा शेवटचा डबा दिसला.
मॅडम आज बोलल्या. वाईट नाही बोलल्या. "सुनीता, दुसरी वेळ झाली. माझ्यावरही माणसं आहेत. तिसरी झाली तर तुला दुपारची पाळी देते."
दुपारची पाळी रात्री दहाला सुटते. कान्ह्याहून वर यायला तेव्हा काही नसतं, आणि रात्री खिंडीत एकटीने गाडी ढकलणं जमायचं नाही. म्हणजे पाळी नाहीच, नोकरी गेली असंच. त्यांनाही माहितीये ते.
येताना तनू मागे. चढावर ती उतरली, मग मी. दोघींनी मिळून गाडी चढवली. तनू म्हणाली, "आई, ही आपल्याला नेते का आपण हिला?"
अजून लवकर निघायला पाहिजे. पाऊण तास तरी.

शनि. १५
ह्यांनी वडगावच्या एजंटकडून लायसनचा अर्ज आणला, छापून. पासिंगवाली गाडीही बघून आलेत, चाकणहून कामावरून येताना. तिला मागे नंबरची हिरवी पाटी असते. खिंड तिसऱ्या मिनिटाला पार, असं दुकानदार म्हणाला म्हणे. तनूने रंगसुद्धा ठरवला.
अर्जात नाव, पत्ता, रक्तगट. मग आरोग्याचे प्रश्न. पहिलाच तो.
हे म्हणाले, "आठ वर्सं झाली. आठ वर्सं म्हंजे न्हाईच. न्हाई लिव्ह."
"आणि डॉक्टर?"
"डॉक्टर काय फाट्यावर उबा ऱ्हानारे?"
हे वाईट मनाने बोलत नाहीत. थकलेत. मी नोकरी सोडली तर सगळा भार त्यांच्यावर, तरी तसं एकदाही बोलून दाखवलं नाही. मी म्हटलं, मीच भरते, अक्षर माझं बरं आहे.
सगळं भरलं. ती एक ओळ सोडून.

सोम. १७
लोकल मिळाली. आजची आणि शुक्रवारचीही. चारला उठते.
संध्याकाळी खिंडीत, गाडी ढकलताना, जळक्या दुधाचा वास आला.
टेम्पोतला तो वास वेगळा. हा माझा आहे, फिटच्या आधी येणारा. आठ वर्षांत आला नव्हता. कडेच्या कठड्यावर बसले, दोन्ही हातांनी दगड धरला. तनूने गाडी धरून ठेवली होती.
"आई, काय झालं?"
"दम लागला गं."
थोड्या वेळाने गेला. पुढे काही झालं नाही.
घरी येऊन गोळ्यांचं पाकीट बघितलं. गुरुवारपासून सकाळच्या दोन घ्यायच्या राहिल्यात. चहा न घेता निघते, गोळी चहाबरोबरची. एवढंच कारण असेल. झोपही नाही पुरेशी. पाकीट आता चपलांजवळच्या फळीवर ठेवलंय.
कुणाला सांगितलं नाही. खूप भीती वाटली. चढावर होते, पायी होते, म्हणून. उतारावर असते तर, बेचाळीसवर असते तर, तनू मागे

बुध. १९
कान्हे स्टेशन. लोकलला अजून वीस मिनिटं आहेत, गोळी घेऊन आलेय, बाकड्यावर बसून लिहितेय. असं रोज जमेल का? चारला उठणं म्हणजे झोप नाही, झोप नाही म्हणजे तो वास. उशिरा उठणं म्हणजे तिसरी वेळ. हिरवी पाटी आली तर झोप मिळेल, गोळी मिळेल, कदाचित वासही येणार नाही. म्हणजे खोटं लिहिलं तर मी बरी राहीन, असं काहीतरी होतंय. दोन दिवस हाच हिशेब उलटासुलटा करतेय.
ह्यांनी वडगावच्या त्या एजंटला मी दुपारी अर्ज घेऊन येते म्हणून सांगून ठेवलंय. अर्ज पिशवीत आहे. आताच काढून परत वाचला. "आपणास फेफरे, भोवळ किंवा शुद्ध हरपण्याचा त्रास आहे काय?" खाली दोन चौकोन.
मिस्त्रीने विचारलं तेव्हा मला कळलं नव्हतं, आणि मी काढा म्हटलं. हे विचारलंय ते सरळ मराठीत आहे.
पेन चालतंय, दोन्ही चौकोन अजून रिकामे. लोकलचा सिग्नल पडलाय.