पगारी पेशंट

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं इथून तिथवर पोचत नाही, तेवढं मानून घ्या.) तुमची कंबर कशी आहे? दादाचा राग कसा आहे? दोन्ही एकाच वेळी धरतात असं आई फोनवर म्हणाली, तेव्हा दोघांनाही शेक देत जा. माझी तब्येत ठणठणीत आहे, म्हणजे खरी तब्येत. कामावरची वेगळी. तिथे मला बासष्टावं लागलं आहे, साखर वाढली आहे, गुडघे गेले आहेत आणि सून विचारत नाही. (सून माझी, तुम्ही मनावर घेऊ नका.)

त्याचं असं झालं, दादा म्हणायचा ना की हा जन्मभर लोळणार, तर आता मला लोळायचाच पगार मिळतो. इथल्या मोठ्या दवाखान्याला लागून नर्सिंगची शाळा आहे. पोरींना आधी रबरी बाहुल्यावर शिकवतात, पण बाहुला कुरकुर करत नाही, म्हणून पुढे जिवंत माणूस लागतो. तो मी. शिकवणाऱ्या मॅडम एक आजार समजावून देतात, मी तो अंगाला लावून खाटेवर पडतो, आणि पोरी माझी नाडी बघतात, कूस बदलतात, मी वर असतानाच खालची चादर बदलतात (ही विद्या तुमच्या कामाची आहे, दादा सुट्टीच्या दिवशी उठत नाही तेव्हा). सोपं वाटतं ना? पण मी एका जागी टेकलेला तुम्ही कधी पाहिलात का? गॅरेज सुटलं, बेकरी सुटली, ट्रकवरची क्लीनरकी सुटली, सगळं या चुळबुळीपायी. पहिल्याच आठवड्यात मी अर्धांगवायूचा पेशंट होतो आणि नाकावर माशी बसली. मी ती मारली, नेमकी गेलेल्या हातानं. मॅडम म्हणाल्या, औषधाशिवाय बरा झालेला पहिलाच.

पोरींमध्ये एकीला सगळ्या गोगलगाय म्हणतात. हात इतका हलका की सुई कधी टोचली कळत नाही (टोचते उशीला, पण कळत नाही), मात्र बोलायची वेळ आली की आवाज गळ्यातून निघून कॉलरपाशीच संपतो. थर्मामीटर लावायलाही आधी मॅडमकडे बघते. मॅडमचं एकच पालुपद: नर्स म्हणजे पेशंटच्या बाजूनं उभी राहणारी, मग समोर डॉक्टर असो नाहीतर खुद्द पेशंट. ही दोनदा नापास झालेली. या खेपेला झाली असती तर शाळेतून नाव कमी आणि चुलत्याच्या दुकानात गल्ल्यावर बसणं. हे तिनं माझी नखं कापता कापता सांगितलं, आणि मी मनाशी ठरवलं की हिला पास करायचंच. (भलतं समजू नका. ती मला आजोबा म्हणते.)

परीक्षेत मला गोळी नको म्हणून कटकट करायची होती. मी म्हटलं, कशाला पोरीचा जीव खा, आज आपण शहाण्यासारखं वागू. गोगलगाय आली. ट्रे स्टुलावर ठेवला, माझ्या मनगटावरचा नावाचा पट्टा वाचला, गोळीचं पाकीट वाचलं, पुन्हा पट्टा वाचला, आणि थिजून उभी राहिली. समोर तिघे परीक्षक पेन सरसावून बसलेले. मला वाटलं, गेली ही. मी हात लांब करून पाकीट उचललं, फोडलं आणि गोळी तोंडात टाकली.

पुढचं काय सांगू. तिनं एका हातानं माझा जबडा धरला, दुसरा तळवा हनुवटीखाली, आणि म्हणाली, थुंका. मी कुजबुजलो, अगं गिळतो ना, पास होशील. (ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.) थुंका म्हटलं ना, आजोबा. वहिनी, तो आवाज ऐकून खिडकीबाहेरचा माळीसुद्धा थुंकला असता. मी थुंकलो. मग परीक्षकांकडे वळून तिनं खणखणीत सांगितलं, ही गोळी यांची नाही, पाकिटावर दुसऱ्याचं नाव आहे, बरोबर गोळी येईपर्यंत यांना काही मिळणार नाही. आणि मला, हात चादरीत ठेवा.

मॅडमनी मुद्दामच पाकीट बदललं होतं, पोरगी ताडून बघते का ते बघायला (गोळी साखरेची होती). म्हणजे मी तिला तारायला गेलो आणि बुडवायच्या बेतात होतो. ट्रे पेशंटच्या हाताशी ठेवला म्हणून तिचे मार्क कापले, पण पास झाली. मॅडम म्हणाल्या, ट्रेमध्ये चूक ओळखणाऱ्या पुष्कळ पाहिल्या, तोंडातून परत आणणारी ही पहिली. मग मला यथेच्छ झाडलं, आणि वर म्हणाल्या, पुढच्या परीक्षेलाही असंच मध्ये कडमडा, खरे पेशंट असेच गुणी असतात. गोगलगाय आता वॉर्डात जाते. काल एका पेशंटचं अख्खं गणगोत तिनं एका वाक्यात खोलीबाहेर काढलं, आणि त्यात एक पोलीस होता.

पोरांना माझा पापा. कंबरेला जपा.

आपला आज्ञाधारक (हा शब्द दादाला मोठ्यानं वाचून दाखवा) दीर

ता. क. कामाचं राहिलंच. खाटेवर खूप पडलो, आता खाटेशेजारी उभं राहावंसं वाटतं. नर्सिंगच्या शाळेत मुलग्यांनाही घेतात, मी विचारलं. बारावी लागते, त्याआधी दहावी, म्हणजे वेळ लागेल. दादा म्हणेल, हे बायकांचं काम. तुम्ही सांगितलंत तर निदान ताट भिरकावणार नाही. तेवढं सांगाल का?

ता. क. दुसरा (हा मोठ्यानं वाचायचा): दादा, मी मजेत आहे, मॅडम खूश आहेत, बढतीचं बघतो आहे.

ता. क. तिसरा (पुन्हा फक्त तुम्हाला): लवकर सांगा. दहावीला नाव घालून झालं आहे.