डाळिंबांना साड्या, नाकाला ऊन

सातारा,
४ मार्च २०२५

ति. रू. आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर क्रीमचा विषय निघाला की नेमकी तुमच्याकडची रेंज जाते. काल तर तुम्ही सरळ म्हणालात की सुभेदार तोंडी हुकूम मानत नाही, काय ते लेखी दे. घ्या, लेखी देते.

मिरजेच्या डॉक्टरांनी तुमच्या नाकावरची गाठ काढली. तो कॅन्सर होता, आण्णा. गावभर तुम्ही चामखीळ काढली म्हणून सांगता, पण तो कॅन्सर होता आणि लवकर सापडला म्हणून थोडक्यात निभावलं. गोरी कातडी, फौजेतली बर्फावरची वर्षं आणि आता दिवसभर डाळिंबाची बाग. ऊन असंच खात राहिलात तर ते पुन्हा उगवू शकतं, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

सोबत सनस्क्रीनची ट्यूब पाठवते आहे. एसपीएफ पन्नासची आहे, दोन्ही प्रकारची किरणं अडवते, घामानं लगेच उतरत नाही आणि वासही नाही. दुकानदाराचं डोकं खाऊन निवडली आहे. बाहेर पडायच्या थोडं आधी दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ ओढायची आणि तेवढी सगळी चेहरा, कान नि मानेला लावायची. दर दोन तासांनी पुन्हा. ढग असले तरी लावायची. डोक्याला रुंद काठाची टोपी.

आईला सांगा, तुमच्यावर लक्ष ठेव म्हणावं. यशराज नमस्कार सांगतात.

उत्तर लेखीच यावं. राग धरू नये, माया तेवढी धरावी.

तुमची,
प्रियदर्शनी


मु. कवठे महांकाळ,
१९ मार्च २०२५

चि. सौ. प्रियदर्शनी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा हुकूम मिळाला. तामील केली. आता रिपोर्ट ऐक.

पहिल्या दिवशी लावून बागेत गेलो. घाम आला, डोळ्यांत उतरलं, डोळे चुरचुरले. तोंड पांढरंफटक. आपला गडी गुंडा औषध फवारायला आला होता, तो पंप खाली ठेवून हसला. आवं सुभेदार, जत्रंतल्या तमाशात उभं ऱ्हाताय काय, म्हणाला. दुपारपर्यंत साऱ्या वस्तीला कळलं. चोवीस वर्षं ज्या तोंडानं सलामी घेतली, त्याला आता पावडर-लाली! मग मी धुऊन टाकलं.

तरी तू म्हणशील बाप हट्टी, म्हणून इथल्या मेडिकलमधून दुसरी मागवली. त्यानं दिली ती गोरं व्हायची क्रीम. साठीच्या माणसाला गोरं करून त्याला काय मिळणार होतं देव जाणे. ती मी परत केली. तुझी ट्यूब कोनाड्यात आहे. सकाळी आंघोळीनंतर गंध लावतो तसा तिचा एक टिकला नाकावर लावतो. तेवढं पुरे.

यंदा फळ चांगलं धरलं आहे. पण ऊन फार. डाळिंबाच्या पश्चिमेकडच्या अंगाला चट्टा पडतो, मग व्यापारी ते फळ हातात घेत नाही. म्हणून घरातल्या जुन्या साड्या झाडांवर पांघरतो आहे. तुझ्या आईच्या लग्नातली अंजिरीसुद्धा गेली. ते झाड मात्र तिनं स्वतःच्या हातानं झाकलं.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, तो मागायची जरूर नाही.

तुझा,
आण्णा

ता. क. पियाला आईचा आशीर्वाद. ह्यांस्नी लय सांगते, ऐकत न्हाईत. ट्यूब म्हागाची हाय म्हून मीच डाळीएवढी काढून देते, म्हंजी सालभर पुरंल. तू फोनवर मलाबी लाव म्हनालीस. मला कशाला गं? मी मूळचीच काळी, ऊन माझं काय वाकडं करनार?


सातारा,
२७ मार्च २०२५

ति. रू. आण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग इतकी चिडले की भाजी करपली. यशराजनी करपलेली भाजी मुकाट्यानं खाल्ली, त्यांना विचारा.

टिकला? आण्णा, टिकल्यानं काय होतं? आणि आईनं डाळीएवढी काढून द्यायची म्हणजे तर कमालच. सालभर पुरवायला ती काय लोणच्याची बरणी आहे? मनगटाएवढी ट्यूब महिन्याभरात संपली पाहिजे. संपली नाही तर तुम्ही ती लावत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डोळ्यांत जाते तर भुवयांच्या वर कमी लावा, घाम टिपा, पण धुऊन टाकू नका.

तुम्हाला डाळिंबाची पश्चिमेकडची बाजू कळते. कोणत्या फळावर किती वाजता ऊन येतं हे तुम्ही झोपेत सांगाल. फळाला चट्टा पडायच्या आधी झाकावं लागतं, पडल्यावर झाकून उपयोग नाही, हे मला लहानपणापासून तुम्हीच शिकवलंत. मग तुमच्या नाकानं काय घोडं मारलंय? व्यापारी घेत नाही म्हणून फळाला आईची लग्नातली साडी, आणि मला हवा असलेला माझा बाप उघडा!

मला भीती वाटते, आण्णा. फोनवर मी रडते म्हणून तुम्ही ठेवून देता, म्हणून इथं लिहिते. मला फार भीती वाटते. गुंडा हसला तर हसू दे.

दुसरी ट्यूब पाठवली आहे. या खेपेला पांढरी न दिसणारी. चूकभूल पदरात घ्यावी, ट्यूब मात्र तोंडालाच लावावी.

तुमची हट्टी,
प्रियदर्शनी


मु. कवठे महांकाळ,
२२ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रियदर्शनी हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पश्चिमेच्या बाजूचं वर्मी लागलं. दुसऱ्या दिवसापासून दोन बोटांची रेघ चालू आहे. गुंडाला सांगितलं, हसायचं तर हस, पण टोपी घालून हस. पहिली ट्यूब संपली. हे सारं कळवायला बसणार होतो, पण आता दुसरंच लिहावं लागतं.

कानामागं मला आरशात दिसत नाही, म्हणून तुझी आई लावून द्यायची. परवा उजेडाला ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, आता तू बस, तुलाही लावतो. ती उठून चालली. मी हाताला धरून बसवली आणि पदर मागं सारला. कानाच्या पुढं, गालावर, माझ्या नाकावर होता तसाच एक दाणा. काळपट, मधे खळगा पडलेला. दिवाळीपासून आहे म्हणाली. मधे रक्त आलं तेव्हा हळद दाबली म्हणाली. दोन माणसांना एकदम दवाखाना नको, आधी तुमचं उरकू दे, असं तिनं ठरवलं होतं.

पिया, झाडांवर साड्या मी पांघरतो असं तुला लिहिलं, ते खोटं होतं. मी बांधावरून दाखवायचो. शिडीवर भर उन्हात तीच चढायची. पदर तेवढा डोक्यावर.

काल मिरजेला नेली. डॉक्टर म्हणाले, सावळ्या कातडीला हे कमी होतं, पण होत नाही असं नाही. बारीक तुकडा तपासायला काढला आहे. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी. येताना ती एसटीत माझ्यावरच चिडली की बागेचा दिवस वाया घालवला. आज सकाळी पुन्हा शिडी घेऊन निघाली. मी शिडीला कुलूप घातलं आहे. क्रीम लाव म्हटलं तर म्हणते, मला काय दाखवायचं असतं का कुणाला? माझं काही चालत नाही. मी थकलो.

तू मला इतकं लिहिलंस, आता तिला लिही. फोनवर ती बरं बरं म्हणते आणि ठेवून देते.

लोभ आहेच म्हणालो होतो. आज मागतो.

आण्णा


सातारा,
२५ एप्रिल २०२५

ति. रू. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. वर तुझं नाव घालताना हात थांबला. आजवर तू आण्णांच्या पत्राच्या तळाला असायचीस, आणि मी तुला तिथंच नमस्कार सांगायची.

मी तुझ्यावर फार चिडले आहे. दिवाळीला तू माझ्या पानात करंज्या वाढत होतीस, तेव्हा तो दाणा पदराखाली होता. काळीला ऊन काही करत नाही असं तुला कुणी सांगितलं? आणि तू लिहिलंस तेव्हा मी ते हसून सोडून कसं दिलं? तुझ्याहून जास्त मी स्वतःवर चिडले आहे.

सोबतच्या ट्यूबवर मी पेनानं साळूबाई असं ठळक लिहिलं आहे. ती तुझी. डाळीएवढी नाही, दोन बोटं. पुरवायची नाही, संपवायची. गालाला टाका आहे तिथं डॉक्टर सांगेपर्यंत लावू नकोस, तिथं पदर ठेव. आणि शिडीची किल्ली आण्णांकडे मागायची नाही. डाळिंबं करपली तर करपू देत, आपण घरी खाऊ.

रिपोर्ट काहीही येवो, गुरुवारी मी तुझ्याजवळ आहे. येताना अंजिरी रंगाची साडी आणते. ती झाडाला नाही.

लोभ तुझा होताच, आता थोडा आमचाही करून घे. आणि काही तक्रार असली तर लेखी कळव. फोनवर मी ऐकून घेणार नाही.

तुझी,
पिया