अ‍ॅमेलिओरेट सात वेळा

५ मे, सोमवार

जिल्हा नियोजन समितीची बैठक चौदा तारखेला. दुजोरा : करमसिंग, मोलगीकडचे सदस्य.

रोजनिशीसुद्धा बातमीसारखी लिहितो. आधी ताजी गोष्ट, मग कोणी सांगितली, शेवटी पुढे काय. एकतीस वर्षं वार्ताहर असल्यावर हात दुसरं काही करत नाही.

करमसिंगांचं म्हणणं : धनुबाईच्या पाड्याजवळच्या नाल्यावरचा साकव गेल्या पावसाळ्यात वाहून गेला, ते बैठकीत नुसतं बोलून कोणी ऐकत नाही. पेपरचं कात्रण हातात धरून उभं राहिलं की माना वर होतात. तर शनिवारच्या अंकात काहीतरी द्या, भाऊ. चार ओळी दिल्या तरी चालतील.

चार ओळी! माझा ‘जिल्ह्याचं अर्थकारण’ स्तंभ आहे. पूर्ण लेख देणार. गुरुवारीच हातावेगळा.

६ मे

धनुबाई आली. पाड्यावरून मोलगीपर्यंत पायी, तिथून जीप, मग एसटी. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली.

तिने तीन गोष्टी सांगितल्या. साकव नाही. शाळा नाल्यापलीकडे, आणि तेवीस पोरं पाण्यातून जातात. तिसरी, तिच्या नातीचं नाव लिख. चेतना. आठ वर्षांची. गेल्या भादव्यात गेली.

मी समजावलं की अर्थकारणाच्या लेखात नावं येत नसतात, धोरण येतं. ती म्हणाली, गेल्या साली तू बातमी लिहिली, त्यात पण नाव नाही. ‘एक बालिका’ लिहिलं. आमच्या पाड्यावर एक बालिका नावाचं कोणी नाही, भाऊ.

त्या वेळी डेडलाइनपर्यंत नाव मिळालं नव्हतं. दुजोरा : मीच.

७ मे, सकाळ

शब्द मिळाला. अ‍ॅमेलिओरेट.

नाशिकच्या चर्चासत्रात एका अर्थतज्ज्ञांनी चार वेळा वापरला होता. अर्थ कोणी विचारला नाही, सगळ्यांनी मान डोलावली. मीही. घरी येऊन डिक्शनरी पाहिली : सुधारणे, वाईट स्थिती कमी वाईट करणे. पण ‘सुधारणे’ म्हटलं की काम बाकी आहे असं वाटतं. ‘अ‍ॅमेलिओरेट’ म्हटलं की निम्मं झालंच. राजकीय-आर्थिक लिखाणात असंच वजनदार क्रियापद लागतं. साहेब लोक थबकतात.

बायकोला, सीमाला, वाक्य वाचून दाखवलं. तिने विचारलं, जेवणाआधी घ्यायचं की नंतर? आणि येताना भेंडी आणा.

आमचा अंकाची पानं लावणारा छगन म्हणाला, भाऊ, हाऊ शब्द कोनले समजी? मी म्हटलं, ज्याला समजायचा त्याला समजेल. त्यावर तो म्हणे, मंग त्यालेच फोन करी ल्या ना, छापानं काय काम शे?

छगनचं वाचन कमी आहे.

८ मे, दुपार

लेख सुरू. एक अडचण.

पहिलं वाक्य ठरवून बसलो : ‘दुर्गम भागातील दळणवळण अ‍ॅमेलिओरेट करणे ही काळाची गरज आहे.’ कागदावर उतरलं ते असं : चेतना, वय आठ.

फाडला. दुसरा घेतला. पुन्हा तेच. चार कागद गेले. शेवटी कॉम्प्युटरवर गेलो. तिथेही च आणि त टाइप झाल्यावर थांबलो.

ही अ‍ॅसिडिटी आहे. उद्यापासून दुपारचा चहा बंद.

चार वाजता बाहेर पाहिलं तर धनुबाई बाकावर बसलेली. ती परवा दुपारच्याच गाडीने गेली. छगनला विचारलं. बाकावर कोणी नाही. दुजोरा : छगन.

८ मे, रात्री

युक्ती सापडली. साकवाचा परिच्छेद शेवटी ठेवायचा. आधी धोरण, मग आकडे, मग परत धोरण, आणि अगदी शेवटी पाडा, तेवीस पोरं, नाव. हो, नावसुद्धा. वाचक सुन्न होईल. शेवट असाच हवा.

९ मे, शुक्रवार

लेख गेला. ९१० शब्द. अ‍ॅमेलिओरेट सात वेळा.

संध्याकाळी निशाचा फोन. आमची संपादक, मी शिकवलेली. म्हणाली, काका, मिरची खरेदीची अर्ध्या पानाची जाहिरात आलीय, लेख कमी करावा लागेल. मी म्हटलं, कर, पण त्या शब्दाला हात लावू नकोस. म्हणाली, नाही लावत, खालून कापते. तुम्हीच शिकवलंय ना, बातमी नेहमी खालून कापायची, महत्त्वाचं वरच असतं.

पोरगी तयार झाली. अभिमान वाटला.

१० मे, शनिवार

लेख छापून आला. दुजोरा : अंक. मथळा तीन कॉलमी, त्यात शब्द ठळक. देखणा दिसतो.

शेवटचे काही परिच्छेद जागेअभावी नाहीत. आशय मात्र पोचतो.

शहाद्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. फार सुंदर शब्द, म्हणाले. कुठल्या विषयावर होता लेख?

कात्रण छगनबरोबर करमसिंगांकडे पाठवलं. छगनने निघण्यापूर्वी ते दोनदा वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं. दुपारचा चहा घेतला. चहाने काही होत नव्हतं बहुतेक. बाकाकडे पाहिलं नाही.

१४ मे

बैठक झाली. साकव यादीत नाही. दुजोरा : करमसिंग, फोनवर, शांत आवाजात. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते कात्रण घेऊन उभे राहिले. माना वर झाल्या. त्यांनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदात अध्यक्षांनी विचारलं, करमसिंगभाऊ, तुम्हाला नक्की काय पाहिजे? त्यांनी कात्रणात साकव शोधला. वरून खाली शोधला. मग उलटून पाहिलं. मागे मिरचीचा भाव होता. सभागृह हसलं आणि पुढचा विषय निघाला.

मी म्हटलं, शेवटच्या परिच्छेदात होतं. ते म्हणाले, भाऊ, चार ओळी मागितल्या होत्या.

जाहिरात विभागाची चूक. निशाने सांगायला हवं होतं. छगननेही.

१५ मे, पहाट

झोप नाही. गेल्या वर्षीची वही काढली. भादव्यातलं पान. माझंच अक्षर : चेतना, वय आठ, आजीचं नाव धनुबाई.

म्हणजे नाव होतं. बातमीच्या दोन ओळींत बसत नव्हतं.

१६ मे

धनुबाई आली. खरी. दुजोरा : छगन, त्याने तिला पाणी दिलं.

तिला लेख वाचून हवा होता. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, वाच. तिला मराठी बेताचं कळतं, तरी पहिल्या ओळीपासून ऐकत बसली. प्रत्येक अ‍ॅमेलिओरेटला मान हलवायची. तिला वाटलं आता नाव येईल. खालून कापूनही पाच उरले होते. पाच वेळा मान हलली.

संपल्यावर तिने विचारलं, पोर कुठं?

तिने अंक मागून घेतला, घडी घालून कमरेला खोचला. म्हणाली, आत कुठंतरी असेल, तुला दिसली नसेल.

छगन तिला स्टँडवर सोडायला गेला. मी बसलो आणि अर्ध्या मिनिटात लिहून काढलं. इतकी वर्षं येतंय मला हे :

चेतना, वय आठ, गेल्या भादव्यात शाळेतून परतताना नाल्यात वाहून गेली. तिथला साकव आधीच वाहून गेला होता, तो अजून बांधलेला नाही. तेवीस मुलं त्याच पाण्यातून शाळेत जातात. दुजोरा : आजी धनुबाई.

निशाला फोनवर वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, काका, शनिवारी पहिल्या पानावर घेते. पण बैठक तर झाली ना?

झाली. पुढची दिवाळीनंतर अपेक्षित. शाळा सोळा जूनला उघडेल. नाल्याला पाणी जूनच्या शेवटी येतं.