पडल्यावर कळवायचा माणूस

मळ्यातून, जवळा बाजारजवळ
रंगपंचमीचा दुसरा दिवस

चिरंजीव सोमेश्वर,

तुझ्या दाजीचे (तातेराव, तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, ओळख पटली असेलच) तुला भरपूर आशीर्वाद. अठ्ठावन्न वर्षांच्या, दोन जावई असलेल्या माणसाला चिरंजीव म्हणताना मलाच कसंसं होतं, पण तुला दुसरं काही म्हणायची जिभेला सवय नाही. पाकीट पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. पोस्टात पाकीट मागितलं तेव्हा तिथली पोरगीसुद्धा दचकली. तिला वाटलं, काका कुणावर केस टाकून राहिले. तुझी साखर काय म्हणते? गिरणीचा पट्टा अजून तसाच किंचाळतो का? आखाडा बाळापूरचा रस्ता मोठा झाल्यापासून ट्रकांची धूळ पिठात येते, अशी तकलीफ तू मागे सांगितली होतीस. मागे म्हणजे तुझ्या ताईच्या, रुख्मिणीच्या वर्षश्राद्धाला, त्याला आता दीड वर्ष होईल. (भाऊबीजेला तू आला नाहीस त्याचा राग नाही. येऊन करणार काय होतास? ओवाळायला मी बसणार होतो का?)

माझी तब्येत ठणठणीत आहे. सकाळी चहा, दुपारी कालच्या पिठल्यात पाणी घालून आजचं पिठलं, असं सगळं बराबर चालू आहे. पत्र लिहिण्याचं कारण घड्याळ. तुझ्या वडलांनी लग्नात घातलेलं चावीचं घड्याळ गेल्या साली हळद शिजवताना गेलं. हळदीच्या कुकरला वाफ किती वेळ द्यायची हे घड्याळावर बघावं लागतं, आणि बघायला मी इतका जवळ गेलो की वाफ हळदीला कमी आणि मलाच जास्त लागली. काच आतून पिवळी झाली आणि काटे जिथं होते तिथं बसले. तू म्हणशील, खिशात फोन असताना घड्याळ काहून पाहिजे? अरे, हात चिखलाचे, हळदीचे नाहीतर शेणाचे असताना फोन कोण काढणार? शेतातल्या माणसाला मनगटावर बघून कळलं पाहिजे. आणि पूर्वी एक वाजला की तुझी ताई बांधावरून हाक मारायची, त्यामुळं मला घड्याळाची फारशी गरजच पडली नव्हती, हेही खरं आहे.

तर मी ठरवलं की आता घ्यायचं ते दणकट. पाण्यानं न बिघडणारं, आपटलं तरी न फुटणारं, माझ्यामागं राहील असं. पहिलं घेतलं जवळा बाजारच्या आठवडी बाजारात, पेरणीच्या तोंडावर. विकणाऱ्यानं ते पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवलं होतं आणि मासा दाखवावा तसं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. मी विश्वास ठेवला. सोयाबीन निंदायला आलं तोवर घड्याळाच्या आत धुकं पडलं, मग थेंब जमले. गेल्या आषाढात आमच्या शिवारापेक्षा जास्त पाऊस त्या घड्याळात झाला. परत द्यायला गेलो, तर तो माणूस शांतपणे म्हणाला, "काका, पाणी आत जाऊन राहिलं, पण बाहेर तर येत न्हाई ना? म्हणजे झाकण पक्कं हाय." याला काय उत्तर द्यायचं? तुला सुचलं तर लिहून पाठव.

दुसरं घेतलं हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत, एका मिशाळ माणसाकडून. हिरवा जाड पट्टा, चार तबकड्या आणि कोपऱ्यात होकायंत्र. चारांपैकी एकच तबकडी चालायची, बाकीच्या तिच्या सोबतीला होत्या. होकायंत्र मात्र मला फार आवडलं. ते घालून मी दोन दिवस शेतात फिरलो आणि उत्तर दिशा कायम माझ्या कोपराकडं निघाली. साठच्या वर वर्षं सूर्य कुठून उगवतो ते पाहतोय, तरी दोन दिवस मला वाटत होतं, सूर्याचंच काहीतरी चुकत असेल. मग चष्मा लावून बघितलं, तर सुई छापलेली होती. (हे कुणाला सांगू नकोस. गावात मी सांगितलंय की चोरीला गेलं.)

दिवाळीनंतर मग मी हिंगोलीला मुन्नाच्या दुकानात गेलो. मुन्ना हा आपल्या बाजूच्या सगळ्यांची घड्याळं आणि मोबाईल दुरुस्त करतो, स्वभावानं चांगला आहे, पण गिऱ्हाईक बघितलं की त्याच्या अंगात येतं. मी दणकट म्हटल्याबरोबर त्यानं एक काळं, विटेएवढं घड्याळ काढलं, फरशीवर आपटलं, त्यावर उभा राहिला आणि माझं समाधान झालेलं न दिसल्यानं रस्त्यावर ठेवून वरून मोटारसायकल नेली. पंधरा-वीस माणसं जमली. घड्याळ जसंच्या तसं. ते पुसत तो म्हणाला, "चाचा, आदमी टूट जाएगा, ये नहीं टूटेगी." (हे ऐकून आपण खूश व्हायचं की कसं, हे मला अजून कळलेलं नाही.) लोकांसमोर आता नाही कसं म्हणायचं, म्हणून घेतलं.

सोमेश्वर, ते घड्याळ वेळ सांगतं ही त्याची सगळ्यात बारकी गोष्ट आहे. मी किती पावलं चाललो, छातीत किती ठोके पडले, झोप लागली का नुसता पडून होतो, सगळं त्याला कळतं. समुद्रात खोल बुडालं तरी चालतं म्हणे, आणि आपल्या विहिरीला उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी. तासाभरानं ते मनगटावर गुरगुरतं आणि म्हणतं, उठा, थोडं चाला. मी भर उन्हात हळदीचे कंद वेचत असतो तेव्हाही म्हणतं. सुरुवातीला मी त्याला शिव्या द्यायचो, आता "व्हय बाबा, चालतो" म्हणतो. दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त तेच बोलतं, उगाच त्याचं मन कशाला मोडायचं?

त्याचा मोठा गुण मात्र वेगळाच. माणूस कुठं पडला तर ते ओळखतं, अर्धा मिनिट आकडे मोजत विचारतं की तुम्ही बरे आहात का, आणि बटण दाबलं नाही तर आपण होऊन आपल्या माणसाला फोन लावतं. हे चालू करून घ्यायला मी गावातल्या शीतलकडं गेलो. ती सातबारा, पीकविमा, आधार सगळ्यांची कामं करते, कॉम्प्युटरवर बसते. तिनं विचारलं, "काका, पडले तर कोणाला कळवायचं? नंबर सांगा." मागं सात-आठ माणसं रांगेत. मी खिसे चाचपले, जसा काही माणूस खिशातच ठेवलाय. शेवटी पुण्याचा, आपल्या राजनंदिनीचा नंबर दिला. बापानं लेकीचा नंबर देताना इतका विचार काहून करावा, असं शीतलच्या चेहऱ्यावर दिसलं.

जानेवारीत घरच्यापुरती तूर बडवत होतो. धुरळ्यात काही दिसत नव्हतं, आणि घड्याळाला वाटलं, हा माणूस सारखा पडून राहिला. त्यानं पुण्याला फोन लावला. राजनंदिनी ऑफिसात होती. तिनं मला फोन केला, तो मला धुरळ्यात ऐकू आला नाही. मग तिनं गावात सगळ्यांना केले. मी काठी वर उचलली आणि समोर बघतो तर पोलीस पाटील दगडोबा, त्याच्यामागं दहा माणसं आणि एक रडणारी म्हातारी. मी त्यांना विचारलं, कोण गेलं? त्यांनी मला हातानंच दाखवलं, की तुम्ही. संध्याकाळी राजनंदिनीचा पुन्हा फोन आला. आधी ती नुसती रडली. मग म्हणाली, "बाबा, तुमी इकडं या, मला असं जमत न्हाई." मी मागं आठ दिवस राहिलोय तिच्याकडं, अकराव्या मजल्यावर. सगळी फरशी सपाट, पडायची काही सोय नाही. जावई चांगला, लेकरू गोड, सगळे सकाळी दार लावून जातात आणि संध्याकाळी दार उघडून येतात. मधल्या वेळात मी लिफ्टनं खाली-वर करायचो. दुसऱ्या दिवशी शीतलकडं जाऊन मी तिचा नंबर काढून टाकला. पोरीला कामात असं रडवणं बरं नाही.

मग घातला गोपीचंदचा. गोपीचंद म्हणजे शेजारच्या बंजारा तांड्यावरचा, त्याचं शेत माझ्या बांधाला लागून. आठ दिवसांत घड्याळानं त्याला तीनदा बोलावलं. पहिल्यांदा मी कुऱ्हाडीनं लाकूड फोडत होतो. तो चार माणसं आणि बाज घेऊन आला, मला न्यायला. दुसऱ्यांदा मी गाईची मेख ठोकत होतो. तो एकटाच आला, धापा टाकत. तिसऱ्यांदा तर मी काहीच करत नव्हतो, लिंबाखाली नुसता बसलो होतो आणि घड्याळ आपलं आपण बोंबललं. तेव्हा तो म्हैस पिळायची सोडून आला, धोतराला दूध सांडलेलं, आणि बांधावरूनच ओरडला, "काका, हाव का गेले?" मी हाय म्हटलं. चहाला थांबला तो, घोट घोट घेतला, आणि जाताना हात जोडून म्हणाला, "काका, खरं पडाल ना, तवा मला बोलवा. पण आता म्हैस आटून राहिली माझी." माणूस भला आहे. त्याचाही नंबर काढला.

त्यानंतर मागच्या महिन्यात मी खरोखरच पडलो. विहिरीवर मोटार बघायला गेलो, पायरीवरचं शेवाळ लक्षात आलं नाही. घड्याळाला लगेच कळलं, ते बिचारं मोजू लागलं, आणि मोजून झाल्यावर लिहून आलं की संपर्क जोडलेला नाही. फोन खिशातच होता, पण लावायचा कुणाला हा जुनाच प्रश्न. ऊन तिसऱ्या पायरीवर येईपर्यंत बसलो, मग भिंतीला धरून वर आलो. गुडघ्याला हळद लावली, हळदीला आपल्याकडं काय तोटा? आता मांडी घालून जेवता येत नाही एवढंच, तर उभ्यानं जेवतो, त्यानं पावलंही मोजली जातात. घड्याळाला ओरखडासुद्धा नाही. मुन्ना खोटं बोलला नव्हता.

असो. तू दणकट घड्याळ घेणार असशील तर ग्लासातलं घेऊ नकोस, चार तबकड्यांचं घेऊ नकोस, बाकी तुझी मर्जी. तुझ्या बायकोला, लेकींना, नातवंडांना माझा आशीर्वाद सांग. साखर खाऊ नकोस. इथली काळजी करू नकोस, इथं काळजी करण्यासारखं काहीच होत नाही.

तुझा दाजी,
तातेराव

ता. क. वर घड्याळाला एका ठिकाणी फुकटची नावं ठेवली, ती मागं घेतो. तिसऱ्या वेळी ते आपण होऊन बोंबललं नव्हतं. त्या दिवशी रविवार होता आणि मी गुरुवारपासून कुणाशी चार शब्द बोललो नव्हतो. मीच हात जमिनीवर जोरात आपटला. आकडे तीसपासून खाली येताना बघत बसलो, बटण दाबलं नाही. गोपीचंद पळत येताना दिसला तेव्हा मला इतकं बरं वाटलं, आणि त्याच्या धोतरावरचं दूध बघितल्यावर इतकं वाईट, की तिथंच सांगून टाकावं असं झालं. सांगितलं नाही. तुलाच पहिल्यांदा लिहितोय.

ता. क. दुसरा. आता मुख्य काम. कालपासून अकरा वेळा तुला फोन लावला. एक बाई बोलतात, की हा नंबर अस्तित्वात नाही. मी त्यांना दोनदा सांगितलं की असं कसं, गिरणीवाला सोमेश्वर, सगळं बाळापूर ओळखतं. त्या पुन्हा तेच म्हणतात. तू नंबर बदललास, आणि मला कळवायचं तुझ्या ध्यानात आलं नाही; यात तुझी चूक नाही. अशा गोष्टी तुझी ताई विचारून घ्यायची. तर नवा नंबर लिही. घड्याळात घालायला शीतलच्या यादीत आई, वडील, भाऊ, बहीण, पती-पत्नी, मित्र आणि इतर एवढीच नाती आहेत, मेव्हणा नाही. ती म्हणाली, काका, 'इतर' टाकू? मी तिला थांबवलं. तुझं नाव घातलंय, पुढं 'भाऊ' लिहिलंय, नंबरची जागा तेवढी रिकामी आहे.